महादेवाचे फूल, वाटमाऱ्याचे बी

कोकणात जाणारा पाहुणा बहुधा वर पाहत चालतो. आंबा वर, नारळ वर, सुपारीचे घोस वर आणि त्यापलीकडे मोकळे आभाळ. पायाशी काय उगवले आहे हे पाहण्याची सवड त्याला नसते. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसला यावे, स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घ्यावे आणि परत फिरावे, असा पुष्कळांचा परिपाठ. पण पावसच्या थोडे पुढे गेले की मुचकुंदी नदी समुद्राला मिळते, आणि तिच्या मुखाशी, उत्तरेच्या टेकाडावर, पूर्णगड आहे. किल्ला लहानसा. दरवाजाबाहेर मारुती, आत मोकळे मैदान आणि तटावर उभे राहिले की खाली खाडी, पलीकडे गावखडीचे सुरूचे बन. या वाटेवर, ढासळलेल्या गडग्याच्या आणि उकिरड्याच्या कडेला, कमरेएवढे एक झाड उभे असते. पाने वांग्यासारखी, फुले कर्ण्यासारखी लांब आणि पांढरी, फळ काटेरी. हा धोतरा. या लेखाचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, तोच आहे.

पूर्णगडास मी गेली काही वर्षे जातो आणि एकाच घरी उतरतो. तेथल्या एका श्रावणातली गोष्ट सांगतो. मंगळवारची सकाळ होती. घरातला दहा वर्षांचा नातू शाळेला निघाला आणि त्याचा भांग पाडता पाडता त्याची आई एकदम दचकली. मुलाच्या उजव्या डोळ्याची बाहुली नेहमीसारखी होती, पण डाव्या डोळ्याची बाहुली एवढी मोठी झाली होती की बुबुळ जवळजवळ दिसेनासेच झाले होते. त्या डोळ्याने त्याला पुस्तकातले अक्षर पुसट दिसत होते. वडील गाडी काढायला धावले, शेजारच्या काकूंनी "डोक्याला मार लागला का रे?" म्हणून विचारले. आजी मात्र शांतपणे उठल्या. नातवाला त्यांनी अंगणातल्या उजेडात उभे केले आणि एकच प्रश्न विचारला,

"काल पिंडीसाठी धोतऱ्याची फुलं कोणी काढली?"

"मी."

"नंतर हात धुतलेस?"

मुलगा गप्प.

"आणि त्याच हातानं डोळा चोळलास!"

तरीही वडिलांनी मुलाला रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले, आणि ते योग्यच केले. डॉक्टरांनी तपासून आजींच्या निदानावर शिक्कामोर्तब केले. दोन-तीन दिवसांत बाहुली पूर्ववत झाली. चष्म्याचा नंबर काढण्यापूर्वी डोळ्यांत थेंब घालतात आणि मग काही वेळ सारे अंधुक दिसते, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांना असेल. त्या थेंबांतले ॲट्रोपिन आणि धोतऱ्याच्या रसातली द्रव्ये एकाच घराण्यातली. मुलाने नकळत आपल्या डोळ्यात तेच औषध घालून घेतले होते.

या घरात धोतऱ्याविषयीचे नियम ठरलेले आहेत. फुले काढणाऱ्याने कोपरापर्यंत हात धुवायचे. फुले निराळ्या परडीत ठेवायची, जास्वंदीत मिसळायची नाहीत. निर्माल्य गुरांच्या वाटेवर टाकायचे नाही. लहान मुलाने फळाला हात लावायचा नाही. का, ते कोणी सांगत नाही. पण मी नंतर पुस्तके चाळली, तेव्हा यातला एकही नियम चुकीचा निघाला नाही.

आपल्या पूर्वजांना या झाडाची किती चांगली ओळख होती हे पाहायचे असेल तर अमरकोश उघडावा. तेथे धोतऱ्याला दिलेली नावे अशी: उन्मत्त, कितव, धूर्त, धत्तूर, मातुल, मदन आणि शिवाय सोन्याची सारी नावे. उन्मत्त म्हणजे वेडा करणारा, हे समजण्यासारखे आहे. पण कितव म्हणजे जुगारी आणि धूर्त म्हणजे ठक! एखाद्या झाडाला ठकाचे नाव उगाच मिळत नाही. यातल्याच 'धत्तूर' या शब्दावरून १७५३ मध्ये स्वीडनच्या लिनियसने या वनस्पतीचे शास्त्रीय नाव 'दातुरा' असे ठरवले. आपला एक शब्द असा जगभरच्या वनस्पतिशास्त्रात जाऊन बसला, याचा अभिमान वाटावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ठकांची हकीकत पुढे परदेशी पाहुण्यांनीही लिहून ठेवली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तेथेच राहिला. हिंदुस्थानातल्या औषधींवरचे त्याचे संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापले गेले. त्यात एका घरच्या मालकिणीला धोतरा चारून चोरी झाल्याची हकीकत आहे. ज्याला हे चारले तो भान हरपून हसत बसतो आणि कोणी अंगावरचा दागिना काढून नेला तरी खुशाल नेऊ देतो, असे तो लिहितो. त्यानंतर वीस वर्षांनी, १५८३ मध्ये, लिनश्कोटेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी आला. नवऱ्याच्या पेयात हे बी मिसळून त्याला उघड्या डोळ्यांनी बेभान ठेवणाऱ्या बायकांच्या गोष्टी त्याने आपल्या प्रवासवर्णनात मोठ्या चवीने सांगितल्या आहेत. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमननेही १८४४ मध्ये छापलेल्या आठवणींत वाटसरूंना धोतरा चारून लुटणाऱ्यांविषयी लिहिले आहे. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत तर धोतऱ्याला 'वाटेवरचे विष' असेच नाव पडले.

वाटमाऱ्यांना हेच बी का आवडावे? एक तर ते फुकट मिळते. दुसरे, ते मिरचीच्या बियांसारखे दिसते आणि झणझणीत कालवणात सहज लपते. निरखून पाहिले तर फरक कळतो: मिरचीचे बी पिवळसर आणि तिखट, धोतऱ्याचे तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचे आणि कडू. पण भुकेला वाटसरू अन्न निरखत बसत नाही. आणि तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. शुद्धीवर आल्यावर माणसाला काहीच आठवत नाही. कोणी दिले, कोठे दिले, पुढे काय झाले, सारे कोरे. साक्षीदारच नाहीसा करणारे असे विष चोराला दुसरे कोठून मिळणार? गाडीत अनोळखी माणसाने दिलेले खाऊ नका, अशी सूचना रेल्वे आजही देते. आता त्या कामी बहुतेक झोपेच्या गोळ्या वापरतात, पण युक्ती तीच आहे.

येथवर धोतरा दुसऱ्याला चारण्याची गोष्ट झाली. आपल्या हाताने तो खाणारे लोकही आहेत. अशा एका प्रसंगी मी पूर्णगडावर हजर होतो.

दिवाळीनंतरचे दिवस होते. संध्याकाळी मी किल्ल्यात शिरलो तेव्हा गावातले दोघे-तिघे एका तरुणाला धरून बसले होते. वय विशीच्या आसपास. त्याचा मित्र बाजूला रडकुंडीला येऊन उभा. दोघे मोटारसायकलवरून किनाऱ्याकिनाऱ्याने निघाले होते. धोतऱ्याने 'निराळे जग दिसते' असे कोणाकडून तरी ऐकले होते, आणि वाटेवर झाड दिसताच एकाने फळ फोडून बिया खाल्ल्या होत्या. आता त्याचा चेहरा लाल झाला होता, अंग तापले होते, पण घामाचा थेंब नव्हता. ओठ इतके सुकले होते की शब्द फुटेना. तो समोर नसलेल्या कोणाशी तरी बोलत होता आणि मधूनच नसलेली सिगारेट ओठांशी नेऊन झुरका घेत होता. थोड्या वेळापूर्वी तो तटाच्या कडेकडे चालत गेला होता. त्याला तेथे रस्ता दिसत होता. खाली समुद्राकडचे खडक होते.

त्या गावकऱ्यांनी जे केले ते मला फार शहाणपणाचे वाटले. कोणी त्याला ताक पाजले नाही, लिंबू चोखवले नाही, थप्पड मारून शुद्धीवर आणण्याचा प्रयत्न केला नाही. एकाने १०८ ला फोन लावला. दोघांनी त्याला तटापासून दूर, भिंतीच्या सावलीत धरून ठेवले. आणि एक मच्छीमार वाटेवर जाऊन ते फोडलेले फळ रुमालात बांधून घेऊन आला. "डॉक्टरला दाखवायला," एवढेच तो म्हणाला. रुग्णालयात त्या फळाने निम्मे काम केले. डॉक्टरांना विष शोधत बसावे लागले नाही.

तिसऱ्या दिवशी तो मुलगा ठीक झाला. किल्ल्यावरचे त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हते. त्याचे नशीब बलवत्तर. धोतऱ्याने हृदयाचे ठोके भलतेच वाढतात, लघवी कोंडते, ताप चढतो, आणि त्यातून माणसे दगावतातही. शिवाय बुद्धी गेलेला माणूस पाण्यात, विहिरीत, रस्त्यावर जाऊन जीव गमावतो तो वेगळाच. अमेरिकेतल्या जेम्सटाउन येथे १६७६ मध्ये काही सैनिकांनी धोतऱ्याचा पाला भाजी समजून खाल्ला. ते अकरा दिवस भ्रमात होते, असे बेव्हर्ली नावाच्या लेखकाने १७०५ मध्ये नोंदवले आहे. एक जण हवेत पीस फुंकत बसला होता, दुसरा रागारागाने त्याच्यावर काड्या फेकत होता. तेव्हापासून तेथे या झाडाला त्या गावाचेच नाव पडले.

भांग आणि धोतरा यांना पुष्कळ लोक एकाच पंगतीला बसवतात, कारण दोन्ही महादेवाला प्रिय. पण दोहोंत मोठे अंतर आहे. भांग प्यालेल्या माणसाला आपण भांग प्यालो आहोत हे बहुधा ठाऊक असते. धोतऱ्याने ती जाणीवच जाते. समोर नसलेला माणूस त्याला खराच वाटतो. याला नशा म्हणणेही चुकीचे. हा वातभ्रम आहे.

त्या मुलाच्या मित्राने रात्री आमच्या घरी बसून आजींना एक प्रश्न विचारला. "आजी, त्यानं जास्त खाल्लं म्हणून असं झालं का? बरोबर माप किती असतं?"

आजी म्हणाल्या, "झाडाला कसलं आलंय माप, बाळा? माप माणसाचं असतं."

मला वाटते, या विषयातली सारी विद्या त्या एका उत्तरात आहे. धोतऱ्यातली द्रव्ये झाडागणिक बदलतात. एकाच झाडाच्या पानात, फुलात आणि बियांत ती सारखी नसतात. जमीन, ऋतू, झाडाचे वय, सगळ्याने फरक पडतो. या फळाच्या अनुभवावरून त्या फळाचा अंदाज बांधता येत नाही. म्हणूनच 'मागच्या वेळी एवढेच खाल्ले होते' या बोलण्याला काही अर्थ उरत नाही.

माणसाने माप बसवले तेव्हा मात्र याच विषाने केवढे उपकार केले! जपानमध्ये हानाओका सेइशू नावाच्या शल्यवैद्याने धोतरा आणि इतर वनस्पतींचे मिश्रण तयार केले, आणि ऑक्टोबर १८०४ मध्ये ते पाजून एका साठ वर्षांच्या बाईच्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढली. अमेरिकेत ईथरची भूल जगजाहीर झाली ती १८४६ मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. पण हानाओकाला ते माप सापडायला वर्षानुवर्षे लागली. त्याच्या आईने आणि बायकोने आपल्यावर प्रयोग करू दिले, आणि त्यात बायकोची दृष्टी गेली, असे तेथली परंपरा सांगते. माप किती महाग पडते पाहा!

पुढे रसायनशास्त्रज्ञांनी या कुळातली द्रव्ये शुद्ध स्वरूपात वेगळी काढली आणि ती कणाकणाने मोजता येऊ लागली. आज कीटकनाशक पोटात गेलेला शेतकरी रुग्णालयात येतो तेव्हा डॉक्टर प्रथम हात घालतात तो ॲट्रोपिनच्या इंजेक्शनला. धोतऱ्यातलेच हायोसीन बोट लागू नये म्हणून समुद्रप्रवाशांना देतात. पूर्णगडाच्या बंदरात होडी हेलकावते आहे, तिच्यात बसलेला पाहुणा ओकारीने हैराण झाला आहे आणि त्याचे औषध वर किल्ल्याच्या वाटेवर उभे आहे! पण ते त्या झाडावरून ओरबाडून घेता येत नाही. गोळीतले मोजलेले हायोसीन औषध ठरते, फळातले न मोजलेले विष.

हल्ली पावसाळ्यात कोकणात येणारी काही तरुण मंडळी आणखी एका गोष्टीची चौकशी करतात, ती म्हणजे 'जादूच्या अळंबीची'. आमच्या घरच्या मंडळींना अळंबी माहीत आहे ती वारुळावरची. आषाढ-श्रावणात ठराविक जागी, थोडेच दिवस ती उगवते. वाळवी आणि ही बुरशी एकमेकींच्या आधाराने जगतात, म्हणून तिची शेती करता येत नाही. ओल्या खोबऱ्यात केलेली तिची भाजी ज्याने खाल्ली तो जन्मभर विसरत नाही. बाकीच्या साऱ्या कुत्र्याच्या छत्र्या. शेणावर उगवणाऱ्या छत्रीला तर कोणी पायही लावत नाही.

त्या शेणावरच्या छत्र्यांपैकी काही जातींत सायलोसिबिन नावाचे द्रव्य असते, आणि ते डोळ्यांपुढे रंग व भास उभे करते. याची कीर्ती झाली मेक्सिकोतल्या हुआउत्ला या डोंगरी गावामुळे. तेथे मारिया साबिना नावाची वैदूबाई आजाऱ्याचा रोग ओळखण्यासाठी, रात्री प्रार्थना करीत, अशी अळंबी घेई. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन या अमेरिकन बँकरने तिच्यासोबत ती चाखली आणि १९५७ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात लेख लिहिला. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्बर्ट हॉफमनने त्यातले द्रव्य वेगळे काढले. आणि मग त्या गावात मौजेखातर येणाऱ्यांची रीघ लागली. पोलीस आले, गावकरी बिथरले, मारिया साबिनाचे घर कोणी जाळले. तिला आपल्याच गावात तोंड लपवावे लागले. १९८५ मध्ये ती वारली. पाहुणे मौज करून गेले आणि किंमत यजमानाने मोजली. लहान गावात पाहुणा म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या द्रव्याचाही आज औषध म्हणून अभ्यास चालू आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून, इतर उपायांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर, मानसोपचारतज्ज्ञांना ते वापरण्याची परवानगी दिली. पण तेही मोजलेले, निवडलेल्या रुग्णाला आणि डॉक्टर शेजारी बसून. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने सायलोसिबिनवर बंदी आहे. कायद्याचे सोडले तरी रानातली छत्री ओळखणे हा पोरखेळ नव्हे. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलते, किड्याने खाल्लेली चालते, या साऱ्या कसोट्या खोट्या आहेत. काही छत्र्यांचे विष सहा ते चोवीस तास गप्प बसते. मग उलट्या-जुलाब होतात, माणसाला जरा बरे वाटते आणि तोपर्यंत आत यकृत निकामी होत असते.

तेव्हा या सुटीत मुलाबाळांसह कोकणात जाणार असाल तर आजींचे नियम बरोबर न्या. धोतऱ्याचे फूल काढले तर हात धुवा आणि डोळ्यांना लावू नका. वाटेतले फळ, बी, छत्री तोंडात घालू नका. कोणी खाल्लेच, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याला रुग्णालयात न्या, एकटे सोडू नका आणि खाल्लेल्या वस्तूचा उरलेला तुकडा बरोबर घ्या.

आणि ज्यांना वाटते की असली झाडे खेड्यातच असतात, त्यांनी आपला मसाल्याचा डबा उघडावा. त्यातले जायफळ रत्नागिरीच्या नारळी-पोफळीच्या बागांतही पिकते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा जाती काढल्या आहेत. श्रीखंडात ते चिमूटभर पडते आणि जेवणानंतर गोड पेंग येते. पण हेच जायफळ भलत्या प्रमाणात पोटात गेले तर मळमळ, धडधड आणि दीड-दोन दिवसांचा भ्रम, असा त्याचा हिसका आहे. आपल्या घरांत हे कोणाला होत नाही, कारण जायफळाचे माप घरात ठरलेले आहे. पूर्वी बाळगुटी उगाळताना सहाणेवर किती वेढे घ्यायचे, हे सासू सुनेला सांगे आणि एक वेढा जास्त झाला तरी बोले. आज बाळाला काय द्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, हे खरे. पण त्या वेढ्यांत माप होते.

पूर्णगडच्या आजींना मी हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "मग धोतऱ्याचे वेढे कोणी ऐकलेत का?"

मी ऐकलेले नाहीत. ज्याचे माप सापडले ते आपल्या माणसांनी सहाणेवर घेतले. ज्याचे सापडले नाही ते हात धुऊन महादेवाच्या स्वाधीन केले. विष पचवण्याचा अनुभव त्याला आपल्यापेक्षा अधिक आहे.